दहापैकी किती

रजनीताई, काल माझी तपासणी होती. मुलुंडच्या त्याच दवाखान्यात, त्याच बाकावर. भिंतीकडची जागा मी घेतली, तिथं पाठ टेकता येते म्हणून, आणि शेजारच्या जागेवर माझी पिशवी ठेवली. एक गृहस्थ आले. म्हणाले, "इथं कोणी आहे का?" मी म्हटलं, "आहेत, येतायत." ते पुढच्या बाकाकडं गेले. मग माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते. त्यांना हाक मारून बोलवायला पाहिजे होतं. नाही बोलवलं. पिशवी तशीच राहू दिली.

तू कायम उशिरा यायचीस. भांडुपहून मुलुंड किती लांब, आणि मी घाटकोपरची टेकडी उतरून तुझ्या आधी पोचलेली असायचे. विचारलं तर म्हणायचीस, "मासे अर्धे साफ करून टाकून येऊ काय?" मग माझी पिशवी उचलून माझ्याच मांडीवर ठेवायचीस आणि बसायचीस, आधी एक हात बाकावर, मग कंबर, मग दुसरा हात. ऑपरेशननंतर आपल्याला शिकवलं होतं तसं. नीट बसून झालं की सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायचीस, "हां. आता बोल."

तू गेल्याचं मला तुझ्या लेकीनं, स्वातीनं, फोनवर सांगितलं. मी मरोळला पॅकिंगच्या टेबलाशी उभी होते. तुझं मणक्याचं दुसरं ऑपरेशन चांगलं झालं होतं. वॉकर धरून तू वॉर्डाच्या दारापर्यंत चालून आली होतीस, आदल्या दिवशी मला फोन करून तिथल्या चहाला शिव्या घातल्या होत्यास. सकाळी उठून बसलीस, दम लागतोय म्हणालीस, डॉक्टर धावत आले, आणि संपलं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, ती छातीत गेली. स्वाती हे सगळं शांतपणे सांगत होती आणि मी "हो, हो" म्हणत होते, कोणी मला पत्ता समजावून सांगतंय तसं. फोन ठेवला आणि समोरचे खोके चिकटवत राहिले. सुपरवायझरनं विचारलं, काय झालं. तर तू कोण म्हणून सांगायचं ते मला कळेना. बहीण नाही. शेजारीण नाही. जातीची नाही, गावची नाही. मी म्हटलं, "माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई गेली."

तो म्हणाला, "मग?"

त्याचं काही चुकलं नाही. त्याला काय माहीत शेजारची खाट म्हणजे काय असते.

माझं माहेर-सासर दोन्ही परभणीकडं. इथं आम्ही दोघंच. मरोळमध्येच एका कंपनीच्या गेटवर नवरा वॉचमन, रजा मागितली की नोकरीवरच येतं. खोका उचलताना माझ्या कंबरेत कट्कन झालं, त्यानंतर कित्येक महिने मी डाव्या पायानं जमीन शोधत चालत होते. शेवटी शेवटी संडासला भिंत धरून, कधी बसून सरकत जायचे. ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या उशाशी कोणीच नव्हतं. तुझ्याकडं मात्र सगळं भांडुप लोटलेलं. जावा, भाचे, देवळातल्या बायका, आणि प्रत्येकाच्या हातात डबा. तुझी जखम ओली राहिली होती, सुकायचं नाव घेत नव्हती, म्हणून तू तिथं जुनी झाली होतीस. कुठल्या सिस्टरचा हात हलका, चादर कधी बदलतात, सगळं तुला पाठ.

मी हलायला घाबरत होते. मला वाटायचं, हललं की मणक्यात बसवलेले स्क्रू निखळतील. तोंडावर पदर घेऊन रडत होते, आवाज न करता, तरी तुला ऐकू आलं. तुझ्या मालवणीत विचारलंस,

"काय गो, रडतंस कित्याक?"

मी म्हटलं, स्क्रू पडले तर?

"पडले तर डॉक्टराचे पडतले. तुझे थोडेच आहेत? तू आणलेलंस घरून?"

मला हसू आलं, आणि हसल्यावर टाके इतके दुखले की पुन्हा रडू आलं. तू म्हणालीस, "हां, आता खऱ्या कारणासाठी रडतंस."

कंबरेला पीळ बसू नये म्हणून दोघीतिघी सिस्टर मिळून आपल्याला ओंडक्यासारखं एका दमात कुशीवर वळवायच्या. मी डोळे मिटून घ्यायचे. तू ओरडायचीस, "सावकाश गो, भाकरी मोडतली." एकदा मी धीर करून म्हटलं, तांदळाची असेल तर मोडणारच, ज्वारीची असती तर नसती मोडली. तू खाटेवरून मान वळवून माझ्याकडं पाहिलंस. "हिका बोलता येता की," म्हणालीस. त्या दिवसापासून सुरू झालेलं ज्वारी-तांदळाचं भांडण आपण कधी संपवलंच नाही. बऱ्या झालो की तू टेकडी चढून माझ्याकडं येणार होतीस आणि मी तुला गरम भाकरी करून वाढणार होते. मला आता खाली बसून भाकरी थापता येत नाही, ओट्याशी उभी राहून थापते, ती गावाकडच्यासारखी होत नाही. ते तुला सांगायचं राहिलं. तू खाऊन काहीतरी बोललीच असतीस, मी ऐकून घेतलं असतं.

गार्गी मॅडम पहिल्यांदा आल्या तो दिवस मला आठवतो आणि अजून हसू येतं. त्या ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर नव्हेत. मणक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसांचं पुढं काय होतं, कोण बरं होतं, कोणाला काय त्रास मागं राहतो, याचा अभ्यास करणाऱ्या. वयानं लहान, आवाज बारीक. म्हणाल्या, घरी गेल्यावरसुद्धा आम्ही अधूनमधून विचारत राहू, दोन वर्षं. चालेल का?

तू विचारलंस, "सांगून आमका काय मिळतला?"

त्या म्हणाल्या, "तुम्हाला खरं तर काही नाही. तुमच्यानंतर जे येतील त्यांना."

 मग म्हणालीस, "बरा. घाल माझा नाव."

तुझं घातलं म्हणून मी माझं घातलं. मला त्यातलं काही कळलं नव्हतं. मी सातवीतून शाळा सोडलेली, कोणी प्रश्न विचारायला लागलं की माझे तळहात ओले होतात. मॅडमनी विचारलं, "दहापैकी किती?" मी लगेच म्हटलं, दहा. पूर्ण दहा. डॉक्टरांनी एवढं केलं, मी काय नऊ सांगणार होते? मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी सिस्टरला बोलावलं, सिस्टरनं इंजेक्शन काढलं, मोठ्या डॉक्टरांना फोन करायला निघाल्या. आणि तू पोट धरून, टाके धरून हसत होतीस. "अगो बाय, ती मार्क नाय विचारीत. दुखणा विचारता. दहा म्हणजे मराक टेकलंस."

मग मॅडमनी समजावलं. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही.

मी म्हटलं, "मग शून्य."

त्या म्हणाल्या, "अहो, आत्ता तर दहा होतं."

गणितात शून्य मिळालं म्हणून मी एकदा पाटी लपवून ठेवली होती. इथं शून्य मिळवायला जीव टाकत होते. पुढं मला कळलं की शून्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून मी दोनवर आले. दोन चांगला आकडा. दोन म्हटलं की समोरचा माणूस खूश होतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. दर वेळी दोन. फोनवर दोन, समोर दोन.

पण तू पकडलंस मला. बाकावर बसलो होतो, माझ्या पिशवीतून कंबरेचा पट्टा डोकावत होता. मी तो दवाखान्याच्या गेटपाशी काढून ठेवायचे. तपासणीला जाताना चांगली साडी नेसायचे, आणि निघायच्या आधी गोळी घ्यायचे, म्हणजे डॉक्टरांसमोर सरळ चालता येतं. तुला ते सगळं एका नजरेत कळलं.

"गोळी घेऊन इलंस?"

मी पट्टा पिशवीत आत ढकलला.

"परीक्षेक बसलंस काय गो? दुखणा लपवून डॉक्टराकडे येतंस? मग कित्याक येतंस? देवळात जा, थंय कोण विचारूचा नाय."

मी म्हटलं, ताई, मी सरपटत होते. आता जिना चढते. ज्या माणसानं मला उभं केलं त्याच्या तोंडावर दुखतंय कसं म्हणू? त्यांना काय वाटेल. गावाकडं माझी आई त्या डॉक्टरांचं नाव घेताना हात जोडते.

"हात जोड ना. कोण नको म्हणता? हात जोड आणि खरा सांग."

चहाच्या टपरीवर, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, फोनवर, आपण हेच भांडत राहिलो. मी उपकाराचं बोलायचे, तू तिसऱ्याच माणसाचं. एकदा तू जे बोललीस ते माझ्या मनातून जात नाही. हातातला चहा निवत होता. तू म्हणालीस, "शोभा, मला ऑपरेशनच्या आधी डॉक्टरनं सांगितलं, बहुतेक बायका चांगल्या बऱ्या होतात. तो खोटं नाही बोलला. त्याला बायकांनी जे सांगितलं ते त्यानं मला सांगितलं. आणि त्या बायका कोण? तुझ्यासारख्या. गोळी घेऊन आलेल्या. दोन म्हणणाऱ्या." तू त्या दिवशी मालवणीत बोलली नाहीस. म्हणून मला भीती वाटली. मालवणीत तू चिडतेस, साध्या मराठीत तू खरोखर दुखावलेली असतेस.

मी म्हटलं, तुला आधी कळलं असतं तर तू केलं नसतंस का?

"केलं असतं. पण डोळे उघडे ठेवून केलं असतं."

तू स्वतः मात्र काही लपवायची नाहीस. जखम ओली, पाय सुन्न, झोप नाही, सगळं मोठ्यानं. त्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न नवरा-बायकोच्या संबंधांचा आहे. तिथं आल्यावर गार्गी मॅडमचा आवाज अजून बारीक व्हायचा, आणि बाया खाली बघून म्हणायच्या, ते राहू द्या. मीही म्हटलं होतं. तू म्हणालीस, "विचार गो, लाजतंस कित्याक? घोव घाबरता माझो. म्हणता, स्क्रू हातात येतलो." दार उघडं होतं. बाहेरचा सगळा बाक हसला, एक म्हातारी तर डोळे पुसत होती. मॅडम लाल झाल्या, पण लिहून घेतलं. नंतर मला त्यांनीच सांगितलं, त्या दिवशी तुझ्यामागून आत गेलेल्या बायांनी तो प्रश्न सोडला नाही. हळू आवाजात का होईना, उत्तर दिलं. ही तुझी मोठी गोष्ट होती, ताई. तुला ती सांगितली तर तू म्हणालीस, "चल, चहा पाज मग."

मग तुझी चप्पल सुटायला लागली.

तू ती गंमत म्हणून सांगितलीस. बाजारातून घरी आलीस तर उजव्या पायात चप्पल नव्हती, कुठं पडली ते कळलंच नाही. मासेवालीकडं परत गेलीस तर तिनं जपून ठेवली होती. तू हसत होतीस, मी नाही. मला ते माहीत होतं. पाय सुन्न असणं वेगळं, आणि पाय आपला न राहणं वेगळं.

मी तुला म्हटलं, मॅडमला सांगू नको.

मी म्हटलं, ते पुन्हा कापतील. तू आधीच किती सोसलंस. थोडे दिवस थांब, तेल लावू, पट्टा बांध, कदाचित आपोआप येईल. मला त्या वेळी काही शहाणपण सुचत नव्हतं, फक्त भीती सुचत होती. तुझी जखम मी शेजारून पाहिली होती. तो वास मला माहीत होता.

तरी तू सांगितलंस. फोटो काढले, मशीनमध्ये घातलं. मोठ्या डॉक्टरांनी तुला सांगितलं की खालचे मणके स्क्रूनं जखडले, म्हणून त्यांच्या वरच्या मणक्यावर सगळा भार आला आणि तो सरकला, नस दाबली. असं काही जणांना होतं. तू म्हणालीस, "घरातही असंच असतं, एकाला जखडलं की वरचा मोडतो." मग त्यांनी धोके सांगितले. जखमेचा, नसेचा, रक्ताच्या गाठीचा, जिवाचाही. तू सगळं ऐकलंस आणि सही केलीस. मला फोन केलास आणि म्हणालीस, "या वेळी डोळे उघडे ठेवून चालले."

दवाखान्यात भरती होण्याच्या दिवशी पुन्हा फोन आला. मी टिफिन खात होते, जिन्यावर बसून. तुझ्या मागं स्वाती काहीतरी शोधत होती, भांड्यांचा आवाज येत होता. तू म्हणालीस, "शोभा, एक सांग. खरा सांग. तुका किती दुखता?"

मी म्हटलं, दोन.

तू हसलीस. मग म्हणालीस, "बरा. दोन तर दोन. मी बरी होऊन येतंय, मग बघतंय तुझे दोन."

तुला माहीत होतं. मला माहीत होतं की तुला माहीत आहे. तरी मी दोन म्हटलं, कारण तू ऑपरेशनला निघालेली, तुझ्या डोक्यावर माझं दुखणं कशाला घालू. तू रागावली नाहीस, हसलीस. पण ताई, त्या दिवशी तरी तुला खरं उत्तर मिळायला पाहिजे होतं. ते तुझं होतं.

तुझ्या बाराव्याला मी भांडुपला आले. तू सांगायचीस तसंच घर. दोन पायऱ्या चढून मोरी, मोरीसमोर तुझं ते लोखंडी कपाट. दारामागच्या खिळ्याला तुझा पट्टा टांगलेला होता, त्याला तुझ्या कंबरेचा बाक तसाच आलेला. कोणी काढला नव्हता. तुझे मिस्टर एका कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, स्क्रू हातात येईल म्हणून घाबरणारे ते. मला बघून उठले. "तू शोभा काय? ती तुझ्याबद्दल बोलायची. म्हणायची, एक आहे घाटकोपरला, मरत असेल तरी बरी आहे म्हणेल." आणि तेच रडायला लागले.  तुमच्याकडचे विधी मला माहीत नाहीत. आमच्याकडं बुद्धवंदना म्हणतात, मला तीच येते, तुझ्या फोटोपुढं उभी राहून मी मनातल्या मनात तीच म्हटली. तुला चाललं असेल असं धरून चालते.

परत येताना मला तुझा राग आला. खरं सांगते. मला वाटलं, ही खरं बोलली आणि गेली. मी दोन म्हणत राहिले आणि आहे. मग काय शिकायचं यातून माझ्यासारखीनं? त्या रागावर मी कितीतरी दिवस काढले. खोके चिकटवताना, भाकरी थापताना, डोक्यात तेच. तू गप्प बसली असतीस तर लंगडत असतीस, पण बाकावर असतीस. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, असा विचार करू नये. पण करू नये म्हटल्यानं कधी विचार थांबलाय?

काल सकाळी गोळी हातात घेतली. ग्लासात पाणी भरलं. घ्यायची नाही असं काही मी ठरवलं नव्हतं. नुसतं पाणी पिऊन टाकलं आणि गोळी पाकिटात परत ठेवली. रोजचीच साडी नेसले. पट्टा वरून बांधला, दिसेल असा. टेकडीच्या पायऱ्या उतरताना अर्ध्यात दोनदा थांबले. खालच्या किराणावाल्यानं विचारलं, "काय ओ वहिनी, आज जास्त दुखतंय का?" मी म्हटलं, नाही, आज दिसतंय.

माझं नाव पुकारलं तेव्हा पिशवी बाकावरच ठेवून आत गेले. गार्गी मॅडम उठून उभ्या राहिल्या. आजवर कधी उठल्या नव्हत्या.  मग मी विचारलं, जे विचारायला मी इतके दिवस घाबरत होते.

"मॅडम, तिनं सांगितलंच नसतं तर ती असती का?"

त्या म्हणाल्या, "पाय गेला असता. कदाचित लघवीवरचा ताबाही. ऑपरेशन करायलाच पाहिजे होतं. गाठ होऊ नये म्हणून जे करतात ते सगळं केलं होतं. तरी झालं." मग म्हणाल्या, "मी तुम्हाला बरं वाटेल असं काही सांगू शकत नाही, शोभाताई."

मला त्यातच बरं वाटलं. तुझ्याबद्दल कोणीतरी खोटं न बोलता बोललं.

मी म्हटलं, "तिचं लिहिलंत?"

"लिहिलं."

"काय?"

"दुसरं ऑपरेशन का लागलं ते. गाठ. मृत्यू."

"आणि नाव?"

"नाव नाही लिहीत. कोणाचंच नाही. पण ती मोजली जाते. पुढच्या कोणाला आम्ही धोके सांगू, त्यात ती असेल."

एवढी मोठ्या आवाजाची बाई, सगळा बाक हसवणारी, आणि तिथं नाव नाही. मला ते सोसवेना. म्हणून मी हे लिहायला घेतलं. माझं अक्षर वाईट आहे, वेलांट्या चुकतात, तरी इथं तुझं नाव लिहिलंय. रजनी. मासे अर्धे सोडून न येणारी, भाकरीचं भांडण अर्ध्यावर सोडून गेलेली.

मग मॅडम खाली बसल्या, नेहमीचे प्रश्न सुरू झाले. किती वेळ उभं राहता येतं. किती वजन उचलता. झोप लागते का. मी एकेक सांगत गेले. नवरा-बायकोचा प्रश्न आला. त्यांचा आवाज बारीक झाला नाही, आणि मीही राहू द्या म्हटलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "दुखणं? दहापैकी किती?"

माझे तळहात ओले झाले होते. शाळेतल्यासारखे.

मी म्हटलं, "सहा."

त्यांनी मान वर केली. मागचे कागद चाळले. सगळीकडं दोन होते. त्यांच्या डोळ्यांत तीच पहिल्या दिवशीची काळजी आली.

"एकदम सहा? वाढलं का?"

"नाही मॅडम," मी म्हटलं. "पहिल्यापासून एवढंच आहे."

 मी पुढं म्हटलं, "पण मी सरपटत होते हो. आता जिना चढते. तेपण लिहा." त्यांनी तेही लिहिलं. दोन्ही लिहिलं. सहा म्हटल्यावर छत कोसळलं नाही, डॉक्टर रागावले नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी पाय तपासला, गोळी बदलली, व्यायामासाठी फिजिओकडं जायची चिठ्ठी मॅडमनी दिली. पुन्हा कापायची गोष्ट कोणी काढली नाही. निघताना मी डॉक्टरांना हात जोडले. तू म्हणाली होतीस तसंच. आधी खरं सांगून.

बाहेर आले. बाकावर माझी पिशवी होती, आणि पिशवीसमोर एक बाई उभी होती. माझ्याच वयाची, एका हातात एमआरआयचं मोठं पाकीट, दुसरा हात कंबरेवर, सगळं अंग एका बाजूला कललेलं. मी तशीच उभी राहायचे. तिच्याबरोबर कोणी नव्हतं. तिनं माझा पट्टा बघितला.

"ताई, तुमचं ऑपरेशन झालंय का? मला पण सांगितलंय." मग जरा पुढं झुकली. "बरं वाटतं का हो करून?"

तोंडात उत्तर तयार होतं. इतके दिवस तेच एक उत्तर. हो, एकदम बरं वाटतं, काही घाबरू नका.

तिनं पिशवीकडं बोट केलं. "इथं कोणी आहे का?"

मी पिशवी उचलली, भिंतीकडच्या जागेवर बसले आणि ती मांडीवर घेतली.

"बसा," मी म्हटलं. "आधी एक हात बाकावर टेका. मग कंबर. हां, असं. आता सांगते."